नियमात बसत नाही

“भिंत म्हणजे माणसाच्या भीतीला दिलेला आकार,” वास्तुकार म्हणाले. “ज्या दिवशी माणूस घाबरायचं सोडेल, त्या दिवशी घरांना भिंती उरणार नाहीत. उरेल तो फक्त उजेड.”

एवढं बोलून ते ज्या भिंतीला रेलले तिचा रंग ओला होता. सकाळीच दिला होता, आणि तो त्यांच्याच सांगण्यावरून. ते वळले तेव्हा काळ्या कोटाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढराशुभ्र पट्टा उमटला होता. समोरच्या पाहुण्यांनी तो पाहिला आणि ही नवी फॅशन असावी असं समजून गप्प राहिले. सोफ्यावर बसलेल्या भाऊजींनीही पाहिला, पण अशा बाबतीत कुणाच्या आनंदात व्यत्यय आणण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. स्वतःच्या तर नाहीच नाही.

घर वास्तुकारांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं; भाऊजी हे तिचे यजमान. वास्तुकार म्हणजे तिचा बारक्या. हे नाव लहानपणी तब्येतीवरून पडलं होतं. पुढे तब्येत सुधारली, नाव सुधारलं नाही. बाहेर मात्र त्यांचा दबदबा मोठा. दोन उंच इमारतींच्या मधे जी फट उरते, जिथे लोक सायकल लावायलाही कचरतात, तिथे ते तीन मजली घर उभं करत आणि तळमजल्यावर भर दुपारी दिव्याशिवाय सुईत दोरा ओवता येईल अशी हमी देत. एका वर्तमानपत्राने त्यांना ‘अरुंद जागांचा सूर्य’ म्हटलं होतं. ते कात्रण त्यांनी फ्रेम करून ऑफिसात टांगलं होतं. भिंतीवरच, भिंतींबद्दलची मतं तेवढ्यापुरती बाजूला ठेवून.

ताईचं घर हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम. जागा इतकी चिंचोळी की मधे उभं राहून दोन्ही हात पसरले तर बोटं शेजाऱ्यांच्या भिंतींना लागतील. डावी-उजवी बाजू बंद. उजेड यायचा तो पुढून, मागून, नाहीतर वरून. वास्तुकारांनी तो वरून आणला. छताला मधोमध मोठी काच, तिच्याखाली भोकाभोकांच्या लोखंडी पत्र्याचा जिना, जिन्याभोवती बिनभिंतींच्या खोल्या, आणि सगळं पांढरं. ऊन काचेतून उतरे, जिन्याच्या भोकांतून चाळणीतून पीठ पडावं तसं झिरपत खाली येई आणि तळमजल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन बसे. बघणाऱ्याचे डोळे दिपत. राहणाऱ्यांचेही दिपत, पण रोज.

जिन्याला भोकं असल्याने वरच्या मजल्यावर ताईच्या सासऱ्यांच्या हातून गोळी निसटली की ती थेट खाली दुधाच्या पातेल्यात सापडे. पांढऱ्या भिंतींवर उजेड नीट परतावा म्हणून त्यांना खिळा ठोकायचा नाही, असा वास्तुकारांचा सक्त दंडक होता. त्यामुळे घरात कॅलेंडर होतं, पण ते सासरे मांडीवर घेऊन बसत. कुणाला तारीख हवी असली की त्यांना उठवावं लागे.

“मेहुणे,” भाऊजी अधूनमधून म्हणत, “आमचे वडील मला म्हणायचे, तू आयुष्यात काय उजेड पाडणार आहेस. तुम्ही या घरात एवढा पाडलात की आता त्यांनाच टोपी घालून झोपावं लागतं.”

वास्तुकार यावर हसत. पण ते हसणं जिन्याच्या वळणाशी येऊन अडखळत असे. त्या वळणाकडे ते शक्यतो बघत नसत. गिऱ्हाइकांना घर दाखवताना सगळीकडे हात करत आणि तिथे आले की घड्याळ बघत.

कारण त्या वळणावर एक खोली व्हायची होती.

घराचा विचार सुरू झाला तेव्हा त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, तुम्हाला काय हवं. भाऊजींना गच्चीवर झोपाळा हवा होता. सासऱ्यांना पुढच्या बाजूला बसून रस्ता बघायचा होता. ताईने मागितलं ते एवढंच: “मला एक दार लागणारी खोली दे, बारक्या. कोंदट असली तरी चालेल. खिडकी नको, पलंग नको. खुर्ची मावली की झालं.”

“करायचं काय तिथे?”

“रुसायचं.”

वास्तुकार हसले. ताई हसली नाही. ती वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर काम करत असे. सकाळपासून दुपारपर्यंत माणसं तिच्यासमोर रांग लावून ओरडत. घरी आली की घरचे रांग न लावता बोलत. “कधीकधी मला कुणाचंच ऐकायचं नसतं,” ती म्हणाली. “माझंसुद्धा. तेव्हा बसायला जागा हवी.”

वास्तुकारांनी पहिल्या नकाशात खोली काढली. जिन्याच्या वळणावर, लहानशी, नीटस. ताईला दाखवलीही. मग नकाशावरून उजेडाची रेघ ओढून पाहिली, तर छतावरून निघालेलं ऊन बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर येऊन अडलं आणि खाली स्वयंपाकघरात काळोख झाला. त्यांनी खोली डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. अरुंद घरात सरकायला जागा ती किती असणार. शेवटी त्यांनी रबर घेतलं.

इथपर्यंत ठीक होतं. खोडतात नकाशे. पण दुसऱ्या दिवशी ताईपुढे नकाशा पसरताना, कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर पेले ठेवताना, ताईने बोट नेमकं त्या वळणावर ठेवलं आणि विचारलं, “इथली कुठे गेली?”

आणि वास्तुकार म्हणाले, “नियमात बसत नाही, ताई.”

का म्हणाले, ते त्यांना अजून नीट सांगता आलं नसतं. जिभेवर आलं, सांडलं. ताई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नियमात बसत नसेल तर राहू दे,” आणि वास्तुकार लगबगीने ओट्याच्या उंचीबद्दल बोलू लागले.

आता यातली मेख अशी. राहायची खोली म्हटली की तिला खिडकी हवी, हा नियम आहे खरा. पण नकाशावर त्या चौकोनात ‘खोली’ असं न लिहिता ‘अडगळ’ असं लिहिलं की खिडकी लागत नाही. अडगळीला श्वास घ्यावा लागत नाही, असं नियम करणाऱ्यांचं मत. त्यामुळे या धंद्यात हा शब्द फार उपयोगाचा. शहरात कितीतरी माणसं नकाशावरच्या अडगळीत झोपतात, अभ्यास करतात, देव मांडतात, भांडतात. वास्तुकारांनी स्वतः उभ्या हयातीत हा शब्द इतक्या वेळा लिहिला होता की त्यांचं अक्षर बाकी बिघडलं तरी ‘अडगळ’ तेवढं सुबक येई. परक्या माणसांसाठी जो शब्द त्यांनी सढळ हाताने खर्च केला, तो सख्ख्या बहिणीसाठी त्यांना सुचला नव्हता, असं नव्हे. सुचला होता. गिळला होता.

घर उभं राहिलं, वाहवा झाली, जिन्याचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्यात उन्हाचा तिरपा झोत वळणावरून खाली उतरतो आहे, आणि जिथून उतरतो आहे तिथे एक खुर्ची मावली असती. वास्तुकारांनी मासिकाचे अंक वाटले. आपली प्रत मात्र कपाटात उपडी ठेवली. तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. मन चुकचुकलं की ते फळं घेऊन ताईकडे जात. ताईच्या घरात फळं कधी संपत नसत. भाऊजी म्हणत, “आमच्या मेहुण्यांच्या मनात काहीतरी सलतंय बुवा. आज अननस आणलाय.”

त्या दिवशी तर त्यांनी कलिंगड आणलं होतं, कारण त्या दिवशी सलणं दुप्पट होतं. मोठ्या पुरस्कारासाठी घराचं नाव शेवटच्या फेरीत गेलं होतं आणि पुढल्या आठवड्यात निवड समिती जातीने घर बघायला येणार होती. सकाळचा तो ओला रंग त्यासाठीच. शिवाय रंग सुरू असतानाच एक गिऱ्हाईक घर दाखवायला आणलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक दंतवैद्य आणि त्यांची बायको. दंतवैद्यांना सगळे डॉक्टर म्हणत. बायको शाळेत शिकवायची म्हणून तिला सगळे बाई म्हणत. डॉक्टर गोल, गुटगुटीत, सतत हसणारे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी बघायची सवय असल्याने स्वतःचंही फारसं मिटत नसे. त्यांचा दवाखाना वास्तुकारांनीच बांधला होता आणि आता त्यांना तसंच चिंचोळ्या जागेत घर हवं होतं.

“बघा, इथे उभं राहिलं की घरातलं प्रत्येक माणूस दिसतं,” वास्तुकार म्हणाले.

“दिसतं तर,” भाऊजी म्हणाले. “कुणी साधी जांभई दिली तरी तिन्ही मजल्यांवर तिची चर्चा होते.”

“त्याने नाती घट्ट होतात,” वास्तुकार म्हणाले.

“हो. आवळल्यासारखी.”

ताई ओट्यापाशी कलिंगड चिरत होती. ती वर बघून हसली आणि पुन्हा खाली बघू लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या जिन्याच्या वळणावर जाऊन थांबल्या होत्या, आणि वास्तुकारांचं घड्याळ बघून झालं तरी तिथून हलत नव्हत्या.

“अहो ताई,” बाईंनी वरूनच विचारलं, “सगळं फार सुंदर आहे. पण मला एक सांगा, घरी कुणी पाहुणे आले, डोकं दुखायला लागलं, मुलांवर ओरडून झालं, नाहीतर नुसताच राग आला, तर तुम्ही जाता कुठे? दार लावून बसायची एखादी जागा?”

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि खिडकीवर बोलायच्या त्या सपाट, थंड, सरकारी आवाजात म्हणाली, “नियमात बसत नाही.”

तिने भावाची बाजू सावरून घेतली, हे वास्तुकारांच्या लक्षात आलं. मन असं भरून आलं की पुढच्या वेळी फणस आणावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात डॉक्टर बोलले.

“कसं काय बसत नाही?” डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. “माझ्या दवाखान्यातली मागची खोली आठवते ना साहेब? खिडकीच नाही तिला. तुम्हीच म्हणालात, डॉक्टर, काळजी कशाला करता, नकाशात अडगळ लिहितो. गेली कितीतरी वर्षं मी अडगळीत दात काढतोय. एका पेशंटनेही तक्रार केली नाही. म्हणजे त्या वेळी त्यांना बोलता येत नसतं, ती गोष्ट वेगळी.”

ते मनापासून हसले. भाऊजी हसले नाहीत. बाई हसल्या नाहीत. वर कॅलेंडर घेऊन बसलेले सासरे कानाने जरा मंद, त्यांनी विचारलं, “काय झालं?” आणि कुणी सांगितलं नाही.

ताईने पुन्हा सुरी उचलली. कलिंगडाच्या फोडी केल्या, बिया काढल्या, बशा भरल्या, पाहुण्यांच्या हातात दिल्या. वास्तुकारांनाही दिली. त्यांच्या बशीतल्या बिया काढलेल्या नव्हत्या.

पुढचं सगळं शिष्टाचाराने पार पडलं, आणि शिष्टाचाराने पार पडलेल्या गोष्टीइतकं भयंकर दुसरं काही नसतं. बाईंनी ताईकडे पाहिलं, ताईने बाईंकडे. बायकांना जेवढं बोलायचं असतं तेवढं तेवढ्यात बोलून झालं. मग डॉक्टरांच्या बाहीला धरून बाईंनी काढता पाय घेतला. दारातून डॉक्टर म्हणाले, “साहेब, आमच्याही घरात एक अडगळ काढा बरं का, हिच्यासाठी.” वास्तुकार बी गिळून म्हणाले, “काढतो.”

दार बंद झालं. ताईने बशा उचलल्या, विसळल्या, आणि रुसली.

आता, रुसणं ही काही उभ्या-उभ्या करायची गोष्ट नाही. त्याला एक कोपरा लागतो, एक पाठ लागते आणि ती पाठ दुसऱ्याला दिसता कामा नये. ताई आधी पुढच्या खोलीत गेली. तिथे भाऊजी होते. ती मागच्या बाजूला गेली. तिथे मोठी काच होती आणि काचेपलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिने हात केला. ताईने हात केला आणि परतली. जिना चढू लागली. वास्तुकार खाली उभे होते. भोकांतून तिचे तळवे एकेक पायरी वर जाताना दिसत होते. कुठल्याही दुसऱ्या जिन्यावर रागावलेलं माणूस दिसेनासं होतं. हा जिना तिला चाळणीत धरून दाखवत होता. मधल्या मजल्यावर सासरे म्हणाले, “सूनबाई, आज अष्टमी की नवमी?” ती म्हणाली, “तुमच्याच मांडीवर आहे, बाबा,” आणि वर गेली. सगळ्यांत वरच्या खोलीत उभी राहिली, तर उन्हाने तिला नाटकातल्या पात्रासारखं मधोमध पकडलं. ती गच्चीवर गेली. आता सुटली असं वास्तुकारांना वाटतंय तोच छताच्या काचेवरून तिची सावली चालू लागली. जिन्यावरून, पांढऱ्या भिंतीवरून घसरत ती त्यांच्या अंगावरून गेली, वळली, पुन्हा अंगावरून गेली.

वास्तुकारांनी आजवर या जिन्याचे अनेक फोटो पाहिले होते. घर असं वापरलं जाताना ते पहिल्यांदाच पाहत होते. तोंड लपवायला जागा नाही, असं माणसं सहज बोलून जातात. ती जागा नसण्यासाठी आपण किती काळजीपूर्वक रेघा मारल्या, ते त्यांना एकेक रेघ आठवून दिसू लागलं. त्यांनी ताईला अंधारात ठेवलं होतं, आणि तेही शहरातल्या सगळ्यांत उजळ घरात.

शेवटी सावली गेली. वरून एका दाराचा आवाज आला. कडी लागली.

“गेली,” भाऊजी म्हणाले.

“कुठे?”

“तिच्या खोलीत.” भाऊजींनी सोफ्यावरून पाय खाली घेतले. चेहरा नेहमीचा थट्टेखोर नव्हता. “न्हाणीघरात हो, संडासही तिथेच. घरात कडी लागणारं तेवढं एकच दार ठेवलंत तुम्ही. रोज कामावरून आली की ती तिथे जाऊन बसते. स्टूल आहे आत. आम्ही सगळ्यांनी आंघोळीच्या वेळा बदलल्या, बोललो नाही कुणाला. बाबांची मात्र पंचाईत होते, त्यांना वेळ सांगून येत नाही.”

“रोज?”

“सुटीच्या दिवशी दोनदा.”

वास्तुकार जिना चढले. पायऱ्या त्यांच्याच, पण एकही ओळखीची वाटेना. न्हाणीघराचं दार मधल्या मजल्यावर, तेही दुधी काचेचं, कारण तिथूनही उजेड जावा असा त्यांचा आग्रह होता. काचेपलीकडे स्टुलावर बसलेली आकृती दिसत होती. त्यांनी दाराकडे पाठ केली. एवढं तरी त्यांना करता येण्यासारखं होतं.

“ताई.”

आत नळ सुटला, आणि बंद झाला.

“ताई, डॉक्टर म्हणाले ते खरं आहे.”

“कळलं मला,” आतून आवाज आला. “दात काढणारा माणूस मुद्दाम खोटं कशाला बोलेल.”

“म्हणजे मी तुला जे सांगितलं होतं, की खोली नियमात—”

“ते खोटं होतं. माहितेय.”

“आज कळलं ना.”

“तू बोललास त्याच क्षणी कळलं.”

वास्तुकारांनी मान वळवली, आणि काच दिसताच परत पुढे केली.

“बारक्या, मी कुठे काम करते?”

“तक्रार खिडकीवर.”

“तिथे दिवसभर काय म्हणते?”

वास्तुकारांच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले. खोटं बोलायला जगात इतकी वाक्यं पडली असताना त्यांनी नेमकं तिचंच उचललं होतं.

“खरंच नियम आड येत असेल,” ताई म्हणाली, “तर मी माणसाला तो वाचून दाखवते. वरती कुणाकडे जायचं, कसा अर्ज करायचा ते सांगते. आणि नियमबियम काही नसेल, मलाच ते काम करायचं नसेल, तेव्हा नुसतं म्हणते, नियमात बसत नाही, आणि पुढच्याला बोलावते. तू मला नियम वाचून दाखवला नाहीस. तू लगेच ओट्याच्या उंचीवर गेलास.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? तुला तो जिना हवा होता. लहानपणी दुसऱ्याच्या पतंगाकडे बघायचास तसा बघत होतास त्या नकाशाकडे. मागितली असतीस तर मीच खोडून दिली असती ती खोली. ‘ताई, मला उजेड हवाय, तुझी खोली मला दे.’ एवढं म्हणायचं होतं. मी काय नाही म्हणणार होते? आजवर कधी म्हटलंय?”

कधीच म्हटलं नव्हतं, हे वास्तुकारांना माहीत होतं, आणि म्हणूनच विचारायचं धाडस झालं नव्हतं, हेही आता कळलं. नाही म्हणणाऱ्या माणसाकडून मागून घेता येतं. हो म्हणणाऱ्याकडून घेताना आपण घेतोय ते दिसतं.

“खोलीचं मला काही नाही रे,” ती म्हणाली. “पण तू मला खिडकीच्या पलीकडे उभं केलंस. रांगेत. आणि आज त्या बाईंपुढे तुझं खोटं मी माझ्या तोंडात घेतलं, तर त्या डॉक्टरांनी ते मुळासकट उपटलं. भूलसुद्धा न देता.”

वास्तुकारांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. दोन्ही एकदम आल्याने एक विचित्र आवाज निघाला.

“रडतोयस?” आतून प्रश्न आला.

“नाही. बी अडकली.”

“बरं झालं.”

खाली भाऊजी वर्तमानपत्राचं एकच पान पुन्हा पुन्हा उलटत होते. या घरात कुणी ऐकत नसल्याचं नाटक करायचं तर ते असंच करावं लागे.

“मी तुला खोली करून देतो,” वास्तुकार म्हणाले. “वळणावरच. होती तशीच. समिती येऊन गेली की लगेच—”

काचेपलीकडची आकृती हलली नाही. वास्तुकारांना आपलंच वाक्य परत ऐकू आलं, आणि ते त्यांना ओट्याच्या उंचीसारखं वाटलं.

त्यांनी डोळे मिटले. मासिकाचं मुखपृष्ठ डोळ्यांपुढे आलं. पुरस्कार आला, व्यासपीठ आलं, त्यावर बोलायचं म्हणून पाठ केलेली वाक्यं आली. एकेक करून ती त्यांनी जाऊ दिली. शेवटच्या वाक्यापाशी जरा वेळ लागला, ते चांगलं जमलं होतं.

“उद्या सुतार पाठवतो,” ते म्हणाले. “समिती येईल तेव्हा भिंत उभी असेल.”

“खाली ओट्यावर अंधार पडेल.”

“पडेल.”

“दुपारचा दिवा लावावा लागेल.”

“लावू.”

“आणि ते लोक विचारतील, ही पेटी कशाला मधे घातली, तर?”

“सांगेन, माझ्या बहिणीला हवी होती. आधी विचारायचं राहून गेलं होतं.”

आत स्टूल किंचित सरकल्याचा आवाज झाला.

“नकाशावर काय लिहिशील?”

“अडगळच लिहावं लागेल,” वास्तुकार अपराध्यासारखे म्हणाले. मग थांबले. या खेपेस ते दाराकडे वळले, आणि नजर जमिनीवर ठेवून म्हणाले, “ताई, अडगळ लिहू का?”

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यांना कळून चुकलं की आजवर इतक्या लोकांची घरं बांधली, पण उत्तराची अशी वाट त्यांनी कुठल्याही समितीपुढे पाहिली नव्हती.

“लिही,” ताई म्हणाली. आवाज खिडकीवरचा नव्हता. घरातला होता.

वास्तुकारांनी घसा खाकरला. काहीतरी मोठं, जन्मभर दोघांना पुरेल असं बोलायची वेळ आली होती. भाऊ म्हणून, माणूस म्हणून, वास्तुकार म्हणूनही. त्यांनी शब्द जुळवले, श्वास भरला आणि तोंड उघडलं.

तेव्हा त्यांच्या खांद्यावर मागून कुणीतरी अगदी हळू बोट टेकवलं. ताईचे सासरे होते. काखेत टॉवेल, एक हात कठड्यावर, आणि पाय एकावर एक आवळून धरलेले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. वास्तुकारांना वळसा घालून ते काचेपर्यंत वाकले आणि अत्यंत अदबीने म्हणाले,

“सूनबाई, पुढचं सगळं बाहेर बसून बोललात तर चालेल का? मला जरा आत जायचंय.”